सौर विद्युत् प्रोत्साहन

सौर विद्युत् प्रोत्साहन : सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारी साधने नागरिक, शेतकरी, संस्था व उद्योग यांनी बसवावीत म्हणून शासन किंवा वीजवितरण कंपनी ज्या आर्थिक व प्रशासकीय सवलती देते, त्यांना सौर विद्युत् प्रोत्साहन असे म्हणतात. भांडवली अनुदान, करसवलत, अल्प व्याजाचे कर्ज, निर्माण झालेल्या विजेस हमीचा दर, मीटरवरील वजावट आणि वितरण कंपन्यांवर घातलेले खरेदीचे बंधन ही त्याची प्रमुख रूपे होत. प्रोत्साहन ज्या गोष्टीस जोडलेले असते ती गोष्ट वाढते. साधन बसविण्यास ते जोडले, तर साधनांची संख्या वाढते. विजेच्या उत्पादनास जोडले, तर उत्पादन वाढते आणि विजेच्या वापरास जोडले, तर वापर वाढतो. प्रत्येक प्रोत्साहनाचा खर्च करदाता किंवा दुसरा वीजग्राहक यांपैकी कोणाला तरी सोसावा लागतो. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्यास निरनिराळ्या योजनांचे मूल्यमापन करणे सोपे जाते. प्रस्तुत नोंदीत प्रोत्साहनाचे प्रकार, त्यांचा इतिहास व महाराष्ट्रातील व्यवस्था यांची माहिती देऊन शेवटी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

प्रोत्साहनाची गरज : कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राचा खर्च भांडवल व इंधन अशा दोन भागांत विभागलेला असतो. सौर विद्युत् संचास इंधन लागत नाही. त्यामुळे त्याचा जवळजवळ सर्व खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि त्याचे फळ पुढील वीस-पंचवीस वर्षे थोडेथोडे मिळत राहते. ज्याच्याजवळ रोख शिल्लक नाही किंवा ज्याला तारण देता येत नाही, त्याला हिशोबाने फायद्याचा असलेला संचही घेता येत नाही. दुसरे असे की, कोळशाच्या धुरापासून होणारी हानी विजेच्या दरात मोजली जात नाही. त्यामुळे बाजारातील तुलना सौर विजेस प्रतिकूल ठरते. तिसरे कारण तंत्रविद्येच्या बाल्यावस्थेचे होय. उत्पादन वाढले की साधने स्वस्त होतात, परंतु साधने महाग असेपर्यंत मागणी वाढत नाही. हा पेच सोडविण्यास आरंभी बाहेरचा आधार लागतो. यांपैकी तिसरे कारण आता बरेच क्षीण झाले आहे. पहिली दोन मात्र कायम आहेत [→ सौर ऊर्जा].

प्रकार : (१) भांडवली अनुदान. संचाच्या किंमतीचा काही भाग शासन देते. ही पद्धत समजण्यास सोपी असून लहान ग्राहकास उपयुक्त आहे; परंतु पैसे मिळाल्यावर संच चालू ठेवण्याची प्रेरणा तीत नसते. अनुदानातून बसविलेले रस्त्यावरील सौर दिवे विजेरी खराब होताच कायमचे बंद पडल्याची उदाहरणे खेडोपाडी आढळतात.

(२) करसवलत. यंत्रसामग्रीवरील घसारा पहिल्या एक-दोन वर्षांतच मोठ्या प्रमाणात मांडण्याची मुभा दिल्यास नफ्यातील कंपनीचा आयकर वाचतो. यास वेगवर्धित घसारा म्हणतात. ज्याला कर भरावा लागत नाही, अशा शेतकऱ्यास किंवा सहकारी संस्थेस त्याचा लाभ होत नाही.

(३) उत्पादनावरील प्रोत्साहन. जालात सोडलेल्या प्रत्येक युनिटामागे (१ किवॉ. तास) ठराविक रक्कम किंवा दीर्घ मुदतीचा हमीदर दिला जातो. संच चालला तरच पैसे मिळतात, हा तिचा गुण. दर चढा ठरला तर अनेक वर्षांचे ओझे बसते, हा दोष.

(४) नक्त मापन. यास व्यवहारात नेट मीटरिंग म्हणतात. ग्राहकाने दिवसा जालात सोडलेली वीज त्याने रात्री घेतलेल्या विजेतून वजा होते व फरकाचेच देयक येते. जाल हे जणू ग्राहकाचे फुकटचे कोठार बनते.

(५) खरेदीचे बंधन. वितरण कंपनीने आपल्या एकूण विजेचा काही टक्के भाग नवीकरणीय स्रोतांपासून घेतलाच पाहिजे, असा नियम केला जातो. भारतात विद्युत् अधिनियम, २००३ मधील ८६ व्या कलमाने हा अधिकार राज्य विद्युत् नियामक आयोगांना दिला आहे.

पवनऊर्जेचा पूर्वानुभव : प्रोत्साहनाचे स्वरूप बदलले की परिणाम कसा बदलतो, हे सातारा जिल्ह्याने सौर योजनांपूर्वीच पाहिले आहे. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर आणि चाळकेवाडी परिसरात १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या संख्येने पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या काळी पवनचक्कीच्या किंमतीवर पहिल्याच वर्षी १००% घसारा मिळे. २००२ पासून तो ८०% झाला. त्यामुळे गुंतवणूकदारांत वीज कंपन्यांपेक्षा कर वाचवू पाहणाऱ्या इतर उद्योगांचा भरणा अधिक होता. चक्की उभारताच मुख्य लाभ पदरात पडत असल्याने पुढील उत्पादनाकडे लक्ष देण्याची निकड कमी होई. ही उणीव दूर करण्यासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २००९ मध्ये प्रत्येक युनिटामागे ५० पैसे देणारी उत्पादनाधारित योजना आणली. एप्रिल २०१७ पासून पवन व सौर या दोन्ही साधनांवरील वेगवर्धित घसाऱ्याची मर्यादा ४०% करण्यात आली [→ पवनऊर्जा].

इतिहास : सौर प्रोत्साहनाचा आरंभ १९७३ च्या तेलसंकटानंतर झाला. अमेरिकेत १९७८ च्या ऊर्जा कर अधिनियमाने घरांवरील सौर साधनांस करात सूट मिळाली. मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये नक्त मापनाचा कायदा केला. जर्मनीने १९९० मध्ये एक हजार छतांची व जपानने १९९४ मध्ये सत्तर हजार छतांची योजना हाती घेतली. जर्मनीच्या २००० सालच्या नवीकरणीय ऊर्जा कायद्याने वीस वर्षांच्या हमीदराची पद्धत रूढ केली. तिच्यामुळे जगभर सौर साधनांचे उत्पादन वाढून किंमती कोसळल्या, परंतु तिचा खर्च जर्मन वीजग्राहकांच्या देयकात अधिभार म्हणून दिसू लागला. हा अधिभार जुलै २०२२ मध्ये रद्द करण्यात आला. स्पेनने २००७ मध्ये चढा दर जाहीर केला. पुढील वर्षीच ठरविलेले उद्दिष्ट कितीतरी पटींनी ओलांडले गेले. पुढे शासनाने दिलेले वचन मागे घेऊन दर कापले व अनेक लहान गुंतवणूकदार अडचणीत आले. प्रोत्साहनाचा दर साधनांच्या घसरत्या किंमतीबरोबर क्रमाने व पूर्वसूचनेने उतरला पाहिजे, हा धडा या अनुभवातून मिळाला. अमेरिकेत घरगुती सौर संचावरील ३०% करसूट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने त्या वर्षाच्या अखेरीस संपुष्टात आली.

भारतात मार्च १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोत आयोग व १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग स्थापन झाला. १९९२ मध्ये त्याचे स्वतंत्र मंत्रालय झाले व २००६ मध्ये त्यास नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय हे नाव मिळाले. कर्जपुरवठ्यासाठी १९८७ मध्ये भारतीय नवीकरणीय ऊर्जा विकास संस्था निघाली. आरंभीची अनुदाने सौर चूल, पाणी तापविण्याची साधने, कंदील व पंप यांच्यासाठी होती. जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर मोहिमेने जालास जोडलेल्या विजेस प्राधान्य दिले. २०२२ पर्यंत २०,००० मेवॉ. हे तिचे मूळ उद्दिष्ट होते. २०१५ मध्ये ते १,००,००० मेवॉ. करण्यात आले व त्यांपैकी ४०,००० मेवॉ. छतांवर बसवावयाचे ठरले. मोठ्या केंद्रांसाठी हमीदराऐवजी निविदांची पद्धत स्वीकारल्यामुळे दर झपाट्याने उतरले. २०१०–११ साठी केंद्रीय आयोगाने ठरविलेला दर युनिटास १७.९१ रु. होता, मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील निविदेत २.४४ रु. दर आला. छतांवरील संचांचे उद्दिष्ट मात्र ठरलेल्या मुदतीत पुरे झाले नाही. मोठा उत्पादक निविदा भरू शकतो, घरमालक भरू शकत नाही. त्यास अनुदान, कर्ज, परवानगी व मीटर या चारही गोष्टी एकाच वेळी मिळाव्या लागतात, हे त्याचे मुख्य कारण होय.

महाराष्ट्रातील व्यवस्था : राज्यात १९८५ मध्ये महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाची (महाऊर्जा) स्थापना झाली, तिचे मुख्य कार्यालय पुण्यास आहे. दर व नियम ठरविण्याचे काम १९९९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाकडे आहे. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत् मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन वितरणाचे काम महाराष्ट्र राज्य विद्युत् वितरण कंपनीकडे (महावितरण) आले. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे तिच्या क्षेत्रात येतात. आयोगाने छतावरील संचांसाठी नक्त मापनाचे विनियम प्रथम २०१५ मध्ये केले व २०१९ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आणले. आर्थिक वर्षाच्या अखेरीस ग्राहकाच्या खाती उरलेली वीज कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते. केंद्र शासनाच्या वीजग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १० किवॉ. पर्यंतच्या संचाचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक पाहणीशिवाय मान्य झाला, असे समजले जाते आणि ५ किवॉ. पर्यंतच्या संचासाठी वितरण व्यवस्था बळकट करण्याचा खर्च कंपनीने करावयाचा असतो. अशी कार्यपद्धतीतील सुलभता हेही एक प्रोत्साहनच होय.

घरगुती छत : फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना सुरू केली. एक कोटी घरांवर संच बसविणे हे तिचे उद्दिष्ट असून तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रु. खर्च मंजूर झाला. पहिल्या २ किवॉ. पर्यंत प्रत्येक किवॉ. मागे ३०,००० रु. व तिसऱ्या किवॉ. साठी १८,००० रु. असे अनुदान ठरले. त्यामुळे ३ किवॉ. किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचास अधिकात अधिक ७८,००० रु. मिळतात. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किवॉ. मागे १८,००० रु. ठेवण्यात आले. संचातील पॅनेल व त्यांतील घट भारतीय बनावटीचे असावे लागतात. अनुदान संच बसवून, मीटर लागून, तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते; म्हणजे आरंभी पूर्ण रक्कम किंवा कर्ज यांची तजवीज ग्राहकासच करावी लागते. त्यासाठी बँकांमार्फत तारणाविना कर्जाची सोय केलेली आहे.

या अनुदानाचा लाभ सर्वांस सारखा होत नाही, हे पुढील कल्पित उदाहरणावरून दिसून येईल. दख्खनच्या पठारावर १ किवॉ. संच दिवसाला सरासरी सुमारे ४ युनिटे वीज देतो व त्यास सु. १० चौ. मी. सावलीरहित जागा लागते. समजा, एका घरात महिन्याला ३०० युनिटे वापर आहे, ३ किवॉ. संचास १,८०,००० रु. पडतात आणि वाचलेल्या विजेचा सरासरी दर ८ रु. आहे. अनुदानानंतर १,०२,००० रु. उरतात, वर्षाला २८,८०० रु. वाचतात व रक्कम सुमारे साडेतीन वर्षांत फिटते. अनुदान नसते, तर सव्वासहा वर्षे लागली असती. दुसऱ्या घराचा वापर ९० युनिटे व दर ५ रु. धरला आणि १ किवॉ. संचास ७०,००० रु. पडले असे मानले, तर अनुदानानंतर ४०,००० रु. उरतात, पण वर्षाला ५,४०० रु. च वाचतात व फेड होण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागतो. विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढणारे असल्याने जास्त वापरणाऱ्याची महाग युनिटे प्रथम वाचतात; कमी वापरणाऱ्यास मुळातच स्वस्त वीज मिळत असल्याने त्याची बचत थोडी असते. ज्याचे घर भाड्याचे, पत्र्याचे किंवा दुसऱ्या मजल्याच्या सावलीत आहे, तो या योजनेबाहेरच राहतो. ही विषमता कमी करण्यासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील व दरमहा १०० युनिटांपेक्षा कमी वापर असणाऱ्या कुटुंबांना केंद्रीय अनुदानास जोड देणारी योजना मंजूर केली. सामुदायिक प्रयत्नाचे उदाहरण म्हणून पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी या लहान गावाचा निर्देश करता येईल. तेथील सर्व घरे सौर विजेवर आल्याने २०२४ मध्ये ते राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून घोषित झाले.

कृषिपंप व कृषी वाहिनी : महाराष्ट्रात शेतीस वीज देण्याची अडचण दराइतकीच वेळेची आहे. कृषी वाहिन्यांवर तीन टप्प्यांचा (थ्री-फेज) पुरवठा आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास करण्याची पद्धत रूढ झाली. रात्रपाळी आली की शेतकऱ्यास अंधारात उसात किंवा आल्याच्या वाफ्यांत दारे धरावी लागतात. साप, विंचू व काही भागांत बिबट्या यांचे भय असते. सौर वीज मुळात दिवसाचीच असल्याने तिचा शेतीशी मेळ बसतो. हा मेळ घालण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग स्वतंत्र सौर पंपाचा. केंद्राच्या २०१९ च्या प्रधानमंत्री कुसुम योजनेच्या ‘ब’ घटकात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाच्या किंमतीपैकी ३०% केंद्र व ३०% राज्य देते. महाराष्ट्रात राज्याने आपला वाटा वाढविल्याने सर्वसाधारण शेतकऱ्यास १०% व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५% रक्कम भरावी लागते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्यावर ७.५ अश्वशक्तीचा पंप देण्याचे ठरले. खांब, तारा व रोहित्र यांची वाट न पाहता विहिरीवर वीज मिळते, हा याचा मोठा लाभ. परंतु पंप बंद असतो तेव्हा पॅनेलांची वीज वाया जाते.

दुसरा मार्ग संपूर्ण कृषी वाहिनी सौर विजेवर चालविण्याचा. शेतकऱ्याचा पंप तोच राहतो. गावाच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्या वाहिनीस दिवसा वीज दिली जाते. राज्याने जून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही तिची आरंभीची स्थाने होत. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत ७,००० मेवॉ. चे उद्दिष्ट होते. ते नंतर १६,००० मेवॉ. करण्यात आले. या योजनेत प्रत्येक घटकास वेगळे प्रोत्साहन आहे. खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला १,२५,००० रु. व त्यावर दरसाल ३% वाढ, ग्रामपंचायतीस तीन वर्षे दरसाल ५ लाख रु. आणि उत्पादकास ११ किंवा २२ किलोव्होल्ट पातळीवर वीज दिल्यास तीन वर्षे युनिटामागे २५ पैसे (३३ किलोव्होल्ट पातळीवर १५ पैसे) असे त्याचे स्वरूप आहे. केंद्राच्या कुसुम योजनेतून प्रत्येक मेवॉ. मागे १.०५ कोटी रु. पर्यंत साहाय्य मिळते. १ मेवॉ. प्रकल्पास सु. २ हेक्टर जमीन लागते व त्यातून वर्षाला १५ लाख युनिटांच्या आसपास वीज मिळू शकते. भर दुपारी एवढ्या प्रकल्पावर ५ अश्वशक्तीचे सुमारे दोनशे पंप चालू शकतात. दुसऱ्या आवृत्तीतील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे कार्यान्वित झाला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी धोंदलगावसह राज्यातील एकूण १९ मेवॉ. क्षमतेच्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण झाले; कोल्हापूर जिल्ह्यातील कोंडिग्रे हे त्यांपैकी एक होय.

कोरेगाव तालुका : कोरेगाव हे तालुक्याचे ठिकाण सातारा शहराच्या पूर्वेस, पुणे–मिरज लोहमार्गावर वसलेले आहे. तालुक्याच्या पश्चिमेकडील कृष्णाकाठास नदीचे व धोम धरणाच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळते. तेथे ऊस व आले ही नगदी पिके होतात. पूर्वेकडे व उत्तरेकडे पाऊस उणावत जातो आणि वसना नदीच्या खोऱ्यातील अनेक गावे विहिरींवर अवलंबून असतात. येथील वाघ्या घेवड्यास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कृष्णेचे पाणी खटाव व माण या दुष्काळी तालुक्यांकडे उचलून नेणाऱ्या जिहे–कठापूर योजनेचा उगमही याच भागात आहे, तर वसना–वांगणा उपसा सिंचन योजना तालुक्यातील कोरड्या पट्ट्यासाठी आखलेली आहे. सारांश, कोरेगावात पाण्याचा प्रश्न हा बव्हंशी ते वर उचलणाऱ्या विजेचा प्रश्न आहे. त्यामुळे छत, पंप व वाहिनी या तिन्ही प्रकारच्या प्रोत्साहनांचा येथे एकाच गावात, प्रसंगी एकाच कुटुंबात संबंध येतो.

या ठिकाणी एक विसंगती स्पष्ट होते. २०१६ मध्ये झालेल्या पहिल्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातील जे तीन तालुके निवडले होते, त्यांपैकी कोरेगाव एक होता व तालुक्यातील वेळू या गावास पहिला क्रमांक मिळाला. ग्रामस्थांनी श्रमदानाने चर, बांध व शेततळी करून पावसाचे पाणी जमिनीत मुरविले. असे मुरविलेले पाणी सर्व गावाचे असते; पण ते विहिरीतून प्रत्येक जण स्वतंत्रपणे उपसतो. उपशावर पूर्वी वीज देयक व पुरवठ्याचे मोजके तास हे दोन लगाम होते. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेने एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे देयक शासनाने सोसावयाचे ठरविले. सौर पंपास तर देयकच नसते. त्यामुळे पहिला लगाम दोन्ही ठिकाणी सुटला. पंप ऊन असेपर्यंत चालू ठेवण्यास खर्च येत नाही आणि न उपसलेल्या पाण्याबद्दल काही मिळतही नाही. कठीण खडकाच्या प्रदेशात भूजलाचा साठा थोडा असतो व जास्त अश्वशक्तीचा पंप शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणीही ओढू शकतो. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. परंतु विजेचे प्रोत्साहन ऊर्जा विभाग देतो व पाण्याचे नियमन दुसरी यंत्रणा करते, असा हा दुभंग आहे.

यावर एक उपाय गुजरातमध्ये अजमावला गेला. खेडा जिल्ह्यातील ढुंडी येथे २०१६ मध्ये सौर पंप असलेल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था स्थापन होऊन पंपाची शिलकी वीज वितरण कंपनीस विकण्याची व्यवस्था झाली. २०१८ मध्ये त्या राज्याने सूर्यशक्ती किसान योजना आणली. वीज विकून पैसे मिळू लागले की जादा पाणी उपसणे म्हणजे उत्पन्न गमावणे, असा हिशोब शेतकऱ्यापुढे उभा राहतो. कुसुम योजनेच्या ‘क’ घटकातही जालास जोडलेल्या पंपाची शिलकी वीज विकण्याची तरतूद आहे. वाहिनीच्या पद्धतीत असा वैयक्तिक हिशोब नसला, तरी पुरवठ्याचे तास ठरलेले असल्याने दुसरा लगाम टिकून राहतो. म्हणून पाणी मर्यादित असलेल्या गावात वाहिनी व ठिबक सिंचन यांची जोड आणि जेथे तारा पोहोचणे कठीण तेथेच स्वतंत्र पंप, अशी निवड अधिक सुरक्षित ठरते.

खर्चाचा भार : महाराष्ट्रात शेतीस दिलेल्या स्वस्त विजेचा खर्च काही अंशी राज्याच्या अर्थसंकल्पातून व काही अंशी उद्योग आणि व्यापारी ग्राहकांकडून घेतलेल्या चढ्या दरातून भागविला जातो. विद्युत् अधिनियमाच्या ६५ व्या कलमानुसार राज्यास दरात सवलत द्यावयाची असेल, तर तिची रक्कम कंपनीस आगाऊ देणे आवश्यक आहे. कृषी वाहिन्यांसाठी निविदांतून सुमारे तीन रुपये दराने सौर वीज उपलब्ध होत असल्याने हे ओझे हलके होते. शासनास या योजनेत असलेले मुख्य आर्थिक हित हेच होय. याउलट, चढा दर भरणारे कारखाने व मोठे बंगले स्वतःच्या छतावरील विजेकडे वळले की त्यांच्याकडून येणारे उत्पन्न घटते, पण तारा, रोहित्रे व कर्मचारी यांवरील खर्च तसाच राहतो. तो उरलेल्या ग्राहकांवर पडतो व त्यांत छत नसलेले भाडेकरूही असतात. नक्त मापनावर मर्यादा घालण्याची मागणी वितरण कंपन्या या कारणाने करतात, तर ग्राहक संघटना तिला विरोध करतात. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये जालात सोडलेल्या विजेचा मोबदला बराच कमी केला, त्याच्या मुळाशी हाच वाद होता.

वेळेचाही प्रश्न आहे. सौर वीज दुपारी विपुल असते व सायंकाळी, दिवे लागण्याच्या वेळी, नाहीशी होते. सातारा जिल्ह्यातीलच १,९६० मेवॉ. क्षमतेचा कोयना जलविद्युत् प्रकल्प सायंकाळची मागणी भागविण्यास फार उपयोगी आहे. परंतु पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने मर्यादा घातलेली आहे. दुपारची वीज शेतीस दिली, तर कोयनेचे पाणी सायंकाळसाठी राखता येते. यापुढील प्रोत्साहने केवळ किती युनिटे निर्माण झाली यापेक्षा ती कोणत्या वेळी मिळाली व साठविली गेली का, यांस जोडली जाणे क्रमप्राप्त आहे. बॅटरी साठवण प्रकल्पांना केंद्र शासन देत असलेला व्यवहार्यता तूट निधी हे त्या दिशेचे पाऊल होय.

मूल्यमापन : सौर विद्युत् प्रोत्साहनाने दोन दशकांत महागड्या प्रायोगिक साधनास सर्वांत स्वस्त विजेच्या स्रोतांपैकी एक बनविले, हे त्याचे निर्विवाद यश आहे. त्यामुळे केवळ साधन स्वस्त करण्यासाठी अनुदान देण्याचे कारण उत्तरोत्तर कमी होत जाणार आहे. कमी उत्पन्नाची घरे, लहान शेतकरी व साठवण यांसाठी ते शिल्लक राहील. कोणतीही योजना पारखताना ती कोणत्या गोष्टीस मोबदला देते, तिचा खर्च कोण भरतो, संचाची देखभाल वीस वर्षे कोण करणार आणि तिच्यामुळे वीज वाचली तरी पाणी वाचते का, हे चार प्रश्न विचारणे आवश्यक आहे. कोरेगावसारख्या तालुक्यात यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. कारण ऊन रोज नव्याने मिळते, भूजलाचे पुनर्भरण मात्र वर्षातून एकदाच, आणि तेही पाऊस झाला तरच, होते.